दुसरा कर्नल आणि त्याची घड्याळं



मी निवृत्त कर्नल. आजचा विषयही कर्नलच आहे, पण दुसरा. इंग्रजीत दोन्ही शब्दांची स्पेलिंगं वेगळी आहेत, उच्चार मात्र एक. संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा जो गाभा असतो, त्यालाही कर्नल म्हणतात. माझी भाची इथे बेंगळुरूत चिप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. ती घरी आली आणि फोनवर "कर्नल क्रॅश झाला" असं म्हणाली की आमची सौ. दचकून माझ्याकडे बघते. गोंधळ नको म्हणून या भागात मी त्याला कर्नेल म्हणणार आहे.

या मालिकेत मी बहुतेक वेळा सैन्याच्या इतिहासावर बोलतो. मग संगणक कुठून आला? तो आला एका जुन्या चौकशीतून. तिथूनच सुरुवात करतो.

१९८८ चा हिवाळा. मी सिग्नल्समध्ये कॅप्टन होतो. राजस्थानात सराव चालू होता, खऱ्या दारूगोळ्याचा. पहाटे तोफा चालू असताना पुढच्या निरीक्षण चौकीतून रेडिओवर "थांबा" असा आदेश आला, कारण आपलीच एक तुकडी ठरल्यापेक्षा पुढे गेलेली दिसली. तोफा थांबल्या, पण त्याआधी पडलेल्या एका गोळ्याची किरच एका जवानाच्या खांद्याला लागली. जवान वाचला. चौकशी बसली.

चौकशीसमोर दोन वह्या आल्या. तोफांजवळच्या रेडिओ ऑपरेटरच्या वहीत नोंद होती: "थांबा" आदेश मिळाला, ०६१२. तोफांच्या वहीत नोंद होती: आदेश कळला, शेवटचा गोळा, ०६१३. मग मधलं एक मिनिट कुठे गेलं? ऑपरेटर आदेश घेऊन बसून राहिला, असा सरळ अर्थ निघत होता. तो माझा माणूस होता, सातारा जिल्ह्यातला एक हवालदार. शपथेवर सांगत होता की आदेश ऐकता ऐकताच मी ओरडलो. त्याचं कुणाला पटेना, कारण कागद बोलत होता.

आता माझी चूक सांगतो. सरावात सगळ्यांची घड्याळं रेडिओवरून एकत्र जुळवून घ्यायची पद्धत असते, तिला टाइम चेक म्हणतात. तो द्यायची जबाबदारी माझी होती. आदल्या संध्याकाळी मी तो दिला होता. पहाटे पुन्हा द्यायचा होता, पण एक लाइन तुटली होती, मी तिकडे धावलो आणि मनात म्हटलं, रात्रीत घड्याळं किती मागेपुढे होणार? हा हवालदार मात्र मध्यरात्री पाळी बदलून आला होता. संध्याकाळच्या टाइम चेकच्या वेळी तो झोपलेला होता. त्याच्या मनगटावरचं घड्याळ कुणाशीच जुळवलेलं नव्हतं.

हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. मग मी तिसरी वही शोधली. मागे मुख्य रेडिओ केंद्रावर बसलेल्या माणसाने त्याच जाळ्यावरचे दोन्ही संदेश ऐकले होते, चौकीचा "थांबा" आणि तोफांकडून आलेला "थांबलो". दोन्हींच्या वेळा त्याने एकाच घड्याळात पाहून लिहिल्या होत्या. मधलं अंतर काही सेकंदांचं निघालं. हवालदार सुटला. टाइम चेक चुकल्याचं मी लेखी दिलं, त्याचं जे व्हायचं ते झालं. पण चौकशीच्या काळात त्याचा बढतीचा कोर्स हुकला, तो वर्षभराने मिळाला.

ही गोष्ट मी भाचीला दोन वर्षांपूर्वी सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, आमच्या कर्नेलमध्ये अगदी हाच घोटाळा झाला होता. तोही सगळ्या जगात." मग तिने जे सांगितलं, आणि पुढे मी जे वाचत गेलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पण आधी थोडं मागे जाऊ. दूरदूरच्या घड्याळांना एका वेळेवर आणायचं काम आपल्या देशात दीडशे वर्षांपूर्वी झालं आहे, आणि ते भांडण मराठी माणसाच्या अंगणातलं आहे.

प्रत्येक गावाचा मध्यान्ह वेगळा. पूर्व-पश्चिम एका रेखांशाचा फरक म्हणजे चार मिनिटं. मद्रास बेंगळुरूच्या सुमारे साडेदहा मिनिटं पुढे, मुंबई मद्रासच्या जवळजवळ अर्धा तास मागे. बैलगाडीच्या काळात याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. रेल्वे आली आणि बिघडू लागलं. एकाच रुळावर समोरासमोरून दोन गाड्या येणार असतील, तर दोन स्टेशनमास्तरांची वेळ एक असायलाच हवी. रेल्वेने मद्रास टाइम घेतला. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, आणि शहर मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मध्ये पडत होतं.

वेळ पोचवायची रीत लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे. वेधशाळेकडून तारेने रोज एकदा खूण यायची. त्या क्षणी स्टेशनमास्तर आपलं घड्याळ जुळवून घ्यायचा. उरलेला दिवसभर त्याचं घड्याळ स्वतःच्या चालीने चालायचं. दर मिनिटाला कुणी मद्रासला विचारत बसत नव्हतं. विचारलं असतं तर ताराच तुंबल्या असत्या.

मुंबईने मात्र हे सुखासुखी मानलं नाही. १८८१ मध्ये तिथल्या सरकारने मद्रास टाइम लागू करायचा प्रयत्न केला आणि लोकांच्या विरोधापुढे तो सोडावा लागला. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवायची, यावरसुद्धा वाद झाला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. गिरणी कामगाराला त्याचा अर्थ सरळ कळला: भोंगा तोच, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी. त्याच जानेवारीत कामगारांनी काम बंद केलं, दगडफेक झाली. 'बॉम्बे टाइम' शहरात त्यानंतरही टिकून राहिला, तो पार स्वातंत्र्यानंतर १९५५ पर्यंत. आमच्या आजोळचे एक आजोबा शेवटपर्यंत "जुनी की नवी?" असं विचारूनच वेळ ऐकायचे.

आता बेंगळुरूला येऊ. हे शहर आज संगणकाचं म्हणून ओळखलं जातं, माझ्या पिढीला मात्र ते घड्याळाचं शहर वाटायचं. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने इथे मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, आणि आमच्यासाठी जवान. लग्नात जावयाला एचएमटी दिलं की मानपान पुरा झाला, असा तो काळ. २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. माझ्याकडे वडिलांची जनता आहे. रोज चावी देतो. दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास मागे पडते, आणि रोज नेमकी तेवढीच पडत नाही. थंडीत वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. घड्याळाचा खरा त्रास हाच. ठरलेल्या चालीने मागे पडलं असतं, तर हिशेब करून वेळ काढता आली असती.

संगणकातलं घड्याळ स्फटिकाचं असतं, माझ्या जनतापेक्षा कितीतरी पटींनी नेमकं. दहा लाखांत वीस भागांची चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. आपल्याला ती चूक क्षुल्लक वाटते. पण ज्या यंत्राचा ठोका सेकंदाला तीनशे कोटी वेळा पडतो, त्याला पावणेदोन सेकंद म्हणजे युगं झाली.

आता कर्नेलमधला शेड्युलर म्हणजे काय ते सांगतो. सैन्यात राहिलेल्याला हे समजायला जड नाही. प्रत्येक कंपनीत ड्यूटी रोस्टर सांभाळणारा कुणीतरी असतो. कोण किती तास पहाऱ्यावर उभा राहिला, कुणाची पाळी राहिली, कुणाला विश्रांती द्यायची, हे त्याच्या वहीत असतं. ज्याने सगळ्यात कमी पहारा केला त्याला पुढची पाळी. शेड्युलर तेच करतो. तुमच्या संगणकात एका वेळी शेकडो कामं जिवंत असतात आणि प्रोसेसर मोजके. शेड्युलर प्रत्येकाला क्षणभर प्रोसेसर देतो, काढून घेतो, आणि कुणी किती क्षण वापरले ते लिहून ठेवतो.

पूर्वी हा हिशेब ढोबळ होता. सेकंदाला शंभर किंवा हजार ठोके पडायचे, ठोक्याच्या वेळी जो प्रोसेसरवर सापडेल त्याच्या नावावर तो ठोका मांडला जायचा. हुशार काम ठोका पडायच्या जरा आधी उतरून जाई आणि फुकटात राही. हजेरीच्या वेळी गायब होणारे आम्हीही पाहिलेत. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्स कर्नेलच्या २.६.२३ या आवृत्तीत नवा शेड्युलर आला, हंगेरीच्या इंगो मोल्नार यांनी लिहिलेला. त्याच्या नावातच 'पूर्ण न्याय्य' असा अर्थ आहे. त्याने ठोक्यांचा हिशेब सोडला आणि प्रत्येक कामाची वेळ नॅनोसेकंदात मोजायला सुरुवात केली. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम तीस सेंटीमीटर जातो.

या कामात बेंगळुरूचा हात आहे. आयबीएमचं लिनक्स तंत्रज्ञान केंद्र इथे होतं. त्यातले श्रीवत्स वड्डगिरी यांनी या शेड्युलरमध्ये गटागटाने वाटणी करायची सोय घातली. म्हणजे एकाच संगणकावर दोन जण काम करत असतील, एकाने दोन कामं लावली आणि दुसऱ्याने पन्नास, तरी वेळ दोघांत अर्धाअर्धा वाटता येतो. शेड्युलरच्या मूळ फाइलच्या सुरुवातीला श्रेय दिलेल्यांची जी थोडी नावं आहेत, त्यांत त्यांचं नाव २००७ या सालासह आहे. कुणीही उघडून पाहू शकतो. त्या काळात इथे या विषयाचं वारं होतं. २००१ पासून लिनक्सची मोठी वार्षिक परिषद भरत होती, पुढे तिचं नाव 'फॉस डॉट इन' झालं. ती उभी करण्यात अतुल चिटणीस यांचा वाटा फार मोठा. २०१३ मध्ये ते गेले.

तर न्याय नॅनोसेकंदात मोजायचा ठरला. मग मापही तसंच हवं. पेंटियमपासून, म्हणजे १९९३ पासून, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक मोजणीदार असतो. त्याला टाइम स्टॅम्प काउंटर म्हणतात, थोडक्यात टीएससी. प्रोसेसर सुरू झाल्यापासून किती ठोके पडले, एवढंच तो मोजतो. तो प्रोसेसरच्या आतच असल्याने वाचायला वेळ लागत नाही, मनगटावर नजर टाकावी तसा. जोवर प्रोसेसर एकच होता आणि एकाच वेगाने चालत होता, तोवर सगळं ठीक होतं.

मग दोन गोष्टी घडल्या. पहिली, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग कमी-जास्त करू लागले. वेग उतरला की ठोके मंद पडत आणि मोजणीदारही मंद चाले. सेकंद तोच, ठोके कमी. दुसरी, २००५ च्या सुमारास एकाच चिपवर दोन गाभे आले, आणि प्रत्येक गाभ्याचा मोजणीदार वेगळा. एएमडीच्या त्या काळच्या दोन गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये एक गाभा रिकामा बसला की त्याची मोजणी मंदावे, दुसऱ्याची चालू राही. थोड्या वेळात दोघांच्या वह्यांत वेगवेगळी वेळ दिसू लागे. संगणकावरच्या खेळांत पात्रं अचानक उडी मारत, त्याचं एक कारण हेच होतं.

खेळाचं सोडा. शेड्युलरचं काय होतं ते पाहा. एक काम पहिल्या गाभ्यावर ०६१३ ला सुरू झालं, मग त्याला दुसऱ्या गाभ्यावर हलवलं, तिथे घड्याळात ०६१२ वाजलेत. किती वेळ काम केलं? उणे एक मिनिट. संगणकाला उणे काळ कळत नाही. त्या जागी तो प्रचंड मोठी संख्या धरू शकतो, म्हणजे या कामाने शेकडो वर्षं प्रोसेसर अडवला असं मानून त्याला रांगेच्या शेवटी टाकतो. काम बिचारं तिथेच खितपत पडतं. माझ्या हवालदाराचं जवळपास हेच झालं होतं.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी एकच घड्याळ का पाहू नये? तसं घड्याळ असतं. प्रोसेसरच्या बाहेर, बोर्डवर. पण तिथपर्यंत जाऊन विचारायला आतल्या मोजणीदाराच्या मानाने कितीतरी पट वेळ लागतो. शेड्युलर सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारतो. पलटणीच्या प्रत्येक जवानाने दर मिनिटाला क्वार्टर गार्डपर्यंत पळत जाऊन तिथलं घड्याळ पाहायचं ठरवलं, तर घड्याळ बरोबर राहील, पण पहाऱ्यावर कुणी उरणार नाही.

यावरचा तोडगा २००८ च्या उन्हाळ्यात २.६.२६ या आवृत्तीत आला. तो मुख्यतः पीटर झाइलस्ट्रा यांनी लिहिला. मोल्नार यांच्या आधीच्या कामाचा त्याला पाया होता. तो वाचला तेव्हा मला स्टेशनमास्तर आठवला. प्रत्येक प्रोसेसरने आपली वही ठेवायची. ठरावीक अंतराने, समजा सेकंदाला अडीचशे वेळा, नियमाचा ठोका पडतो. त्या वेळी बाहेरच्या भरवशाच्या घड्याळाशी वही जुळवून घ्यायची. दोन ठोक्यांच्या मध्ये आपल्या आतल्या झटपट मोजणीदारावर चालायचं. तारेची खूण आणि स्टेशनचं घड्याळ, दुसरं काही नाही.

पण त्यात आणखी तीन नियम आहेत, आणि माझ्या मते खरी अक्कल त्यांत आहे.

मोजणीदाराने कितीही वेडवाकडं सांगितलं, तरी मागच्या ठोक्याच्या वेळेच्या आधी जायचं नाही आणि पुढच्या ठोक्याच्या फार पुढे धावायचं नाही. म्हणजे चूक झाली तरी एका ठोक्याच्या आवाक्यातली. हा पहिला नियम.

दुसरा, कोणत्याही एका प्रोसेसरची वेळ मागे फिरायची नाही. थोडा वेळ थांबली तर चालेल, मागे येता कामा नये.

तिसरा नियम मला सगळ्यांत आवडतो. एका प्रोसेसरने दुसऱ्याची वही उघडली आणि दोन वेळांत फरक दिसला, तर पुढे असलेल्याला मागे ओढायचं नाही. मागे पडलेल्याने पुढे यायचं. यात 'खरी' वेळ कोणाची, हा प्रश्नच विचारलेला नाही. तो सोडवत बसायला वेळ नसतो.

आणि एवढं करूनही कर्नेलच्या त्या फाइलमध्ये ठळक ताकीद दिली आहे: दोन वेगळ्या प्रोसेसरांच्या वेळा एकमेकींशी ताडून पाहिल्यात तर काळ उलटा गेलेला दिसू शकतो. ती ओळ वाचताना मला १९८८ चे ते दोन कागद समोर दिसले. आमच्या चौकशीतल्या कुणालाही अशी ताकीद कुणी दिली नव्हती. दोन वह्या शेजारी ठेवल्या आणि वाचल्या, बस.

तिसऱ्या वहीचीही सोय कर्नेलमध्ये आहे. तिला वॉचडॉग म्हणतात. दर अर्ध्या सेकंदाला ती टीएससीची वेळ दुसऱ्या घड्याळाशी ताडते. कित्येक वर्षं हद्द होती साडेबासष्ट मिलिसेकंदांची. त्याहून फरक दिसला की टीएससीवर 'अस्थिर' असा शिक्का बसतो आणि कर्नेल हळू पण भरवशाच्या घड्याळावर जातो. संगणक सुरू होतानाही परीक्षा असते. दोन प्रोसेसरांनी आळीपाळीने आपापली वेळ सांगायची, आणि नंतर बोलणाऱ्याची वेळ आधी बोलणाऱ्यापेक्षा कमी निघाली की दोघांवरचा विश्वास गेला.

चिप बनवणारेही शिकले. पुढच्या प्रोसेसरांत मोजणीदार वेगावर अवलंबून राहिला नाही, आणि साधारण २००८ नंतर प्रोसेसर झोपला तरी तो चालू राहू लागला. पण मग खालून दगा. संगणकाच्या बोर्डवरची मूळ प्रणाली, बायोस, अधूनमधून प्रोसेसर स्वतःच्या कामासाठी पळवते. काही बायोस तो वेळ लपवण्यासाठी मोजणीदार मागे फिरवून ठेवत. वहीत खाडाखोड. त्यावर इंटेलने २०१३ च्या आसपासच्या प्रोसेसरांत अशी जागा दिली की कुणी मोजणीदाराला हात लावला तर तिथे खूण राहते. कर्नेल ती तपासतो.

उपायातही चूक राहते. ठोक्यांचे नॅनोसेकंद करताना एक गुणाकार करावा लागतो. ६४ अंकी जागेतले दहा अंक त्यात खर्ची पडत, उरत ५४. हे द्विमान अंक आहेत, आपले दशमान नव्हेत. दोनाचा ५४ वा घात नॅनोसेकंद म्हणजे किती? हिशेब करून पाहिला: २०८ दिवस आणि १२ तास. न थांबता एवढे दिवस चाललेल्या सर्व्हरचा शेड्युलरचा काळ एकदम भलतीकडे उडी मारे आणि यंत्र कोसळे. चाचणीत हे सापडणार कसं? चाचणीसाठी कोण सात महिने थांबतं? २०११ च्या शेवटी दुरुस्ती झाली. गंमत अशी, की जे यंत्र सगळ्यात नीट सांभाळलेलं, कधीच बंद न पडलेलं, तेच यात सापडलं.

आता शेवटचा प्रसंग, पुन्हा आयबीएमच्या लिनक्स गटातला, २०१४ चा. त्यांच्या पॉवर प्रोसेसरांत मोजणी सगळ्या गाभ्यांत एका तालावर चालते, तिथे भांडण नव्हतं. अडचण झोपेची होती. गाभा गाढ झोपला की त्याचा गजर बंद पडतो. इंटेलच्या यंत्रात बाहेरचं घड्याळ त्याला उठवतं. पॉवरमध्ये तसं बाहेरचं घड्याळ नव्हतं. सगळेच झोपले तर उठवणार कोण? प्रीती मूर्ती यांनी जो बदल लिहिला, तो कुठल्याही सुभेदाराने सुचवला असता असा आहे. एकाने झोपायचं नाही. तो आपल्या गजरावर सगळ्यांच्या वेळा लावून बसतो आणि ज्याची वेळ झाली त्याला उठवतो. आणि त्यालाच बंद करायची वेळ आली, तर आधी ते काम दुसऱ्याकडे सोपवायचं. पाळी बदलल्याशिवाय संत्री जागा सोडत नाही.

पाळी बदलताना घड्याळ जुळवून घ्यायचं, हे मात्र माझ्या वेळी राहून गेलं होतं.

बेंगळुरूपासून चाळीसेक किलोमीटरवर ब्यालालू गावी इस्रोचं नेव्हिगेशन केंद्र आहे, २०१३ मध्ये सुरू झालेलं. आपल्या नाविक उपग्रहांची वेळ तिथल्या अणुघड्याळांवरून ठरते. प्रत्येक उपग्रहावर रुबिडियमची घड्याळं असतात. पहिल्या उपग्रहावरची तिन्ही निकामी झाली, तो आकाशात असून जागा सांगायच्या उपयोगाचा राहिला नाही, आणि २०१८ मध्ये दुसरा पाठवावा लागला. २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या एनव्हीएस-०१ वर पहिल्यांदा देशी रुबिडियम घड्याळ बसवलं. तिथे एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात तीस सेंटीमीटर. पण नाविकसाठी एक भाग वेगळा करावा लागेल.

२००७ चा तो शेड्युलर २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत नव्या पद्धतीने बदलला गेला. फाइल तीच राहिली, वरची नावंही. आणि वेळ जुळवणारी ती २००८ ची फाइलही अजून जागेवर आहे.

हा भाग तयार करताना मी त्या हवालदारांना फोन केला. सुभेदार होऊन निवृत्त झाले, गावी शेती करतात. इतक्या वर्षांनी मी पुन्हा माझ्या चुकीबद्दल बोललो. म्हटलं, तुमचं घड्याळ मिनिटभर मागे होतं आणि मी सकाळी ते जुळवून घेतलं नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, एक सांगू? माझं घड्याळ मागं नव्हतंच. तोफांचं पुढं होतं."

त्यांच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिसऱ्या वहीत फक्त अंतर होतं.